स्क्रीन दहा मिनिटं अडकलीय? मग तो डेडलॉक नाही

नवी मुंबईत ऐरोली, महापे, घणसोलीच्या ऑफिसांमध्ये आम्हा डीबीएंना (डेटाबेस सांभाळणाऱ्यांना) रोज ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "सर, डेडलॉक झालाय, क्लिअर करा ना." बघायला जावं तर आत बहुतेक वेळा ब्लॉकिंग चालू असतं. दोन्हींत लॉक (नोंदीवरचा तात्पुरता ताबा) असतात, दोन्हींत कुणीतरी कुणासाठी तरी खोळंबलेलं असतं, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण ब्लॉकिंग त्या क्षणी सोडवायचं काम डीबीएचं, तर डेडलॉकचं मूळ बहुधा डेव्हलपरच्या कोडमध्ये. गल्लत झाली की दोघंही भलत्याच ठिकाणी शोधत बसतात.

समजा, वाशीच्या एपीएमसीतल्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका आडत्याचं सॉफ्टवेअर आहे. शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) करताना प्रोग्राम आधी गाळ्यातल्या साठ्याची नोंद बदलतो, मग शेतकऱ्याच्या खात्याची. साठा बदलला, पण कमिट होण्याआधी, म्हणजे बदल कायम होण्याआधी, स्क्रीनवर 'सेव्ह करायचं का?' असा प्रश्न आला आणि कारकून चहाला निघून गेला. ती नोंद आता त्याच्या सेशनच्या (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या) ताब्यात आहे. तीच नोंद बदलू पाहणारा दुसरा कारकून थांबतो, त्याने आधी धरलेल्या नोंदीसाठी तिसरा थांबतो, आणि रांग वाढत जाते. हे ब्लॉकिंग. रांगेच्या तोंडाशी एक सेशन असं असतं, जे स्वतः कुणासाठीही थांबलेलं नसतं. चहाला गेलेला कारकून परत आला, त्याने 'हो' दाबलं, की सगळे सुटतात.

आता पट्टी दुरुस्तीचा प्रोग्राम दुसऱ्या कुणी लिहिलाय आणि तो आधी खातं, मग साठा बदलतो. दोन्ही प्रोग्राम एकाच शेतकऱ्यासाठी एकाच क्षणी चालले, तर पहिल्याकडे साठा आहे आणि त्याला खातं हवंय, दुसऱ्याकडे खातं आहे आणि त्याला साठा हवाय. इथे रांगेला तोंडच नाही. कितीही वेळ दिला तरी हे आपोआप सुटणार नाही.

संगणकशास्त्रज्ञ कॉफमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये डेडलॉकच्या चार अटी मांडल्या: वस्तू एका वेळी एकाकडेच असणं, हातातली न सोडता दुसरी मागणं, कुणाकडून जबरदस्तीने काढून न घेणं, आणि वाट पाहण्याचं वर्तुळ. पहिल्या तीन ब्लॉकिंगमध्येही सापडतील. चौथी फक्त डेडलॉकमध्ये असते, आणि ती दिसली की डेटाबेस बहुधा तिसरी मोडतो: एका सेशनचा बळी देऊन त्याच्याकडचे लॉक सोडवतो.

हे तो फार झटपट करतो. मायएसक्यूएल या डेटाबेसचं इनोडीबी (डेटा साठवणारं इंजिन) वर्तुळ दिसताक्षणी तोडतं. पोस्टग्रेस मूळ सेटिंगमध्ये १ सेकंद थांबून तपासणी करतं. एसक्यूएल सर्व्हरचा डेडलॉक मॉनिटर सर्वसाधारणपणे दर ५ सेकंदांनी फेरी मारतो. म्हणून दहा मिनिटं अडकलेली स्क्रीन डेडलॉकची नसते. डेडलॉकमध्ये स्क्रीन अडकत नाही, एरर येते. उलट ब्लॉकिंगला मूळ सेटिंगमध्ये एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेस कुठलीच मुदत घालत नाहीत, तुम्ही तासभर थांबलात तर तेही थांबतील. इनोडीबी मात्र ५० सेकंदांनी हात टेकतं.

एररच्या नंबरांनी गोंधळात भरच घातली आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये १२०५ म्हणजे डेडलॉकचा बळी. मायएसक्यूएलमध्ये तोच १२०५ म्हणजे लॉकची वाट पाहण्याची मुदत संपली, म्हणजे ब्लॉकिंग. तिथे डेडलॉकचा नंबर १२१३. दोन्ही डेटाबेस वापरणाऱ्या टीममध्ये "१२०५ आलाय" एवढाच निरोप अगदी अपुरा आहे.

ब्लॉकिंग जिवंत असताना बघावं लागतं. फोन लगेच करा, आणि कृपा करून त्याआधी ॲप्लिकेशन रीस्टार्ट करू नका, कारण सेशन गेलं की पुरावाही जातो. डीबीए रांगेचं तोंड शोधतो. ते सेशन पुष्कळदा काहीच करत नसतं: एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'स्लीपिंग' पण ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गट) उघडं, पोस्टग्रेसमध्ये 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'. तिथे दिसणारी क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) ही त्या सेशनची शेवटची क्वेरी असते. लॉक तिनेच घेतला असेल असं नाही. यावरून आमचे आणि डेव्हलपरांचे खूप वाद होतात, आणि "ही क्वेरी तर साधी सिलेक्ट आहे" (म्हणजे फक्त वाचणारी) हे त्यांचं म्हणणं खरंही असतं. लॉक त्याच ट्रान्झॅक्शनमधल्या आधीच्या अपडेटने धरलेला असतो. सेशन किल (जबरदस्तीने बंद) करायला मी मागेपुढे पाहतो ते यासाठी, की तासभराच्या कामाचं रोलबॅकही (बदल मागे घेणंही) बराच वेळ खाऊ शकतं आणि तोवर रांग तशीच राहते.

ओरॅकलवर वाढलेल्या डेव्हलपरला एसक्यूएल सर्व्हरवर आणखी एक धक्का बसतो. ओरॅकलमध्ये वाचणारा लिहिणाऱ्यासाठी थांबत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये थांबतो, त्यामुळे महिनाअखेरचा एक रिपोर्टसुद्धा रांगेत अडकतो किंवा स्वतःच रांग लावतो.

डेडलॉक मात्र फोन येईपर्यंत संपलेला असतो. 'क्लिअर' करण्यासारखं काही उरत नाही, उरते ती नोंद. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिस्टिम हेल्थ सेशनमध्ये डेडलॉक ग्राफ मिळतो, ओरॅकलमध्ये ट्रेस फाइल. त्यातून कोणती दोन स्टेटमेंट (आज्ञा) भिडली ते मी सांगू शकतो, पण सगळ्या प्रोग्रामांनी आधी साठा, मग खातं हाच क्रम पाळायचा, हे कोडमध्येच करावं लागतं. ट्रान्झॅक्शन छोटं ठेवायचं, आणि तरीही एरर आली तर पुन्हा प्रयत्न करायचा.

तो प्रयत्न कुठून करायचा, याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. एसक्यूएल सर्व्हर आणि इनोडीबी डेडलॉकच्या बळीचं पूर्ण ट्रान्झॅक्शन रोलबॅक करतात, मग सगळं पहिल्यापासून चालवायचं. ओरॅकलमध्ये ओआरए-०००६० आली की फक्त तेवढं स्टेटमेंट मागे घेतलं जातं. आधी केलेले बदल आणि त्यांचे लॉक तसेच राहतात. कोडने ती एरर गिळून पुढे कमिट केलं, तर साठा कमी झालेला आणि शेतकऱ्याच्या खात्यात मात्र पैसे नाहीत. रोलबॅक तुम्हालाच करायचं आहे. इनोडीबीच्या ५० सेकंदांच्या एररमध्येही मूळ सेटिंगला असंच फक्त शेवटचं स्टेटमेंट जातं.

सगळा भार डेव्हलपरवर टाकणं मात्र बरोबर नाही. योग्य इंडेक्स (नोंद पटकन शोधून देणारी सूची) नसेल तर एक नोंद बदलण्यासाठी डेटाबेस शेकडो नोंदी चाळतो, आणि वाटेत गरजेपेक्षा जास्त लॉक घेऊ शकतो. मग ब्लॉकिंगही वाढतं, डेडलॉकही. ओरॅकलमध्ये फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या रकान्यावर) इंडेक्स नसणं हे डेडलॉकचं जुनं, ओळखीचं कारण आहे. हे बघणं आमचं काम.

एक अपवाद राहतो. ॲप्लिकेशनचा एक थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) लॉक धरून पूलमधल्या (उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या संचातल्या) दुसऱ्या कनेक्शनची वाट पाहतोय, आणि ज्यांच्याकडे कनेक्शन आहेत ते त्याच लॉकसाठी थांबलेत. हे खरं वर्तुळ आहे, पण त्याची अर्धी बाजू डेटाबेसच्या बाहेर असल्याने त्याला ती दिसत नाही. त्याला हे साधं ब्लॉकिंगच वाटतं आणि तो कुणाचाही बळी देत नाही. रांगेच्या तोंडाशी तुमच्याच ॲप्लिकेशनचं निवांत सेशन दिसलं आणि पूलमध्ये एकही कनेक्शन मोकळं नसेल, तर डीबीएकडे येतानाच थ्रेड डम्प (प्रत्येक थ्रेड कुठे थांबलाय याची नोंद) सोबत आणा.