पिकअपच्या आउटपुटचे संतुलन (इलेक्ट्रिक गिटार)

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेला पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो फेरे देऊन केलेले वेटोळे होय. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात अल्पसा विद्युतदाब निर्माण होतो. या दाबाच्या पातळीला पिकअपचे आउटपुट म्हणतात. एकाच गिटारवरील दोन किंवा तीन पिकअपांची आउटपुटे अशी जुळवणे की स्विच फिरवल्यावर नादाचा पोत बदलावा पण आवाज एकदम चढू-उतरू नये, हे संतुलनाचे काम.

असमतोलाचे मूळ तारेच्या हालचालीतच आहे. ब्रिजजवळ (तारांची खालची टोके जिथे टेकतात ती पट्टी) तार जेमतेम हलते, तर नेककडे (गिटारच्या मानेच्या बाजूला) तिचा झोका मोठा असतो; त्यामुळे अगदी सारखे दोन पिकअप बसवले तरी नेकचा मोठा वाजतो. म्हणूनच अनेक निर्माते ब्रिजच्या पिकअपला जास्त फेरे देतात. फेऱ्यांनी आउटपुट वाढते, पण दुप्पट फेऱ्यांनी वेटोळ्याचे प्रवर्तकत्व (इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) सुमारे चौपट होते आणि तारस्वरांची चमक कमी होते.

बाजारात पिकअपची ताकद वेटोळ्याच्या विद्युतरोधावरून, किलोओहममध्ये, सांगण्याची रीत आहे आणि ती फसवी आहे. टेलिकास्टर या प्रसिद्ध गिटारच्या नेक पिकअपच्या वेटोळ्याची तार ब्रिजच्या पिकअपमधल्या तारेपेक्षा बारीक असते. बारीक तारेचा रोध जास्त, म्हणून मीटरवर आकडा भरीव दिसतो आणि आवाज मात्र मऊच राहतो. तापमानाचाही परिणाम होतो. बडोद्यात हिवाळ्यातल्या पहाटे 12 अंशांवर 7.0 किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्याच्या दुपारी 42 अंशांवर सुमारे 7.85 किलोओहम दाखवील, कारण तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.39 टक्के वाढतो. पिकअप तोच, आउटपुटही जवळपास तेच.

खरा उपाय पिकअप वर-खाली करणाऱ्या उंचीच्या स्क्रूंमध्ये आहे. शेवटच्या फ्रेटवर (मानेवरील धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून तिच्या तळापासून पिकअपच्या खांबापर्यंतचे (तारेखालच्या चुंबकी दांडीच्या माथ्यापर्यंतचे) अंतर मोजतात. जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलसाठी (एकाच वेटोळ्याच्या पिकअपसाठी) जाड तारेकडे सुमारे 2.4 मिमी आणि बारीक तारेकडे 2 मिमी हा सुरुवातीचा चांगला अंदाज. आधी ब्रिजच्या पिकअपची उंची ठरवावी आणि मग नेकचा, स्क्रूला अर्धा अर्धा फेरा देत, खाली उतरवावा. कमजोर पिकअप वर चढवत नेण्यापेक्षा जोरकस पिकअप खाली घेणे केव्हाही श्रेयस्कर, कारण सिंगल कॉइलचे चुंबकी खांब तारेच्या फार जवळ आले की तिला ओढून धरतात. सूर डळमळतो आणि वरच्या फ्रेटांवर एकाच स्वरात दोन स्वर ऐकू येतात. पिकअपांची तुलना स्वच्छ, न फाटलेल्या आवाजात, एकाच जोराने तार छेडून करावी. तंबोऱ्याची जवारी लावताना सूत केसभर सरकवून कान देणाऱ्यांना ही रीत परकी वाटणार नाही, आणि 1886 पासून संगीतशाळेची परंपरा असलेल्या बडोद्यात असे कान पुष्कळ आहेत.

या शहरात या कामाची कसोटी नवरात्रात लागते. गरब्याच्या मैदानावर गिटार मिक्सरमधून सर्वांच्या कानांवर जाते; संथ चालीतून द्रुत लयीत शिरताना वादकाने नेकवरून ब्रिजवर स्विच टाकला आणि पातळी घसरली, तर ढोलाच्या गजरात गिटार हरवते, आणि उलट झाले तर गायकाचे शब्द झाकले जातात. सिंगल कॉइलची गिटार ठेवून हंबकरची (दोन वेटोळ्यांच्या पिकअपची) उचलली असता पडणारा मोठा फरक मात्र स्क्रूंनी भरून निघत नाही. तो मिक्सरच्या गेनने किंवा बूस्ट पेडलनेच (पातळी वाढवणाऱ्या पायपेटीनेच) भरावा.

एकेका तारेचा समतोल हा याच्या पुढचा टप्पा. जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या खांबांची उंची, वर बारीक तार गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेला धरून ठरवली होती. आजची साधी तिसरी तार त्यामुळे उगाच मोठी वाजते. हंबकरमध्ये खांबांचे स्क्रू फिरवून तिचा आवाज दाबता येतो. जुन्या सिंगल कॉइलचे खांब मात्र ठोकून खाली बसवू नयेत: वेटोळे थेट त्यांच्यावरच गुंडाळलेले असते आणि 0.063 मिमी जाडीची ती तार तुटली की पिकअप मुका होतो.