रात्रीच्या खराब हवामानातले छोट्या खासगी विमानांचे अपघात

चार-सहा सीटचं खासगी विमान रात्री ढगात, धुक्यात किंवा बर्फात सापडून कोसळतं, असे हे अपघात. यात बरेचदा इंजिन शेवटपर्यंत नीट चालू असतं, चुकतो तो पायलटचा अंदाज.

बाहेर बघून उडवणं म्हणजे व्हीएफआर आणि नुसत्या कॉकपिटमधल्या मीटरवर उडवणं म्हणजे आयएफआर, दुसऱ्यासाठी वेगळं रेटिंग, म्हणजे लायसन्सवर जादा परवानगी लागते. व्हीएफआरवाला दिवसा ढग लांबून बघून वळू तरी शकतो, रात्री ढग दिसतच नाही, खालचे दिवे गायब झाले की कळतं आपण आत शिरलोय.

आणि मग कान फसवायला लागतो. आतल्या कानातल्या नळ्यांमधल्या द्रवामुळे आपल्याला वळण कळतं, पण विमान हळूहळू कललं तर काहीच जाणवत नाही, आणि एकसारखं वळण थोडा वेळ चाललं की द्रव स्थिरावतो आणि आपण सरळ चाललोय असंच वाटतं. पंख खरंच सरळ केले तर उलट बाजूला कलल्याचा भास होतो, म्हणून पायलट परत होता तसा कलवतो. उंची कमी होतेय दिसलं की कंट्रोल मागे ओढतो, त्याने वळण अजून आवळतं, वेग वाढतो आणि विमान गोल फिरत खाली जातं, यालाच ग्रेव्हयार्ड स्पायरल म्हणतात. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठाने मीटरवर उडायचं ट्रेनिंग नसलेल्या 20 जणांची चाचणी घेतली, सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदात!

3 फेब्रुवारी 1959 ला अमेरिकेतल्या आयोवात गायक बडी हॉली यांचं विमान बर्फात पडलं. पायलटकडे आयएफआर रेटिंग नव्हतं, हवामानाचे ताजे इशारे त्याला कोणी दिलेच नाहीत, त्यात क्षितिज दाखवणारं मीटर त्याच्या सवयीच्या मीटरपेक्षा उलटं दाखवणारं होतं. 16 जुलै 1999 ला राष्ट्राध्यक्ष केनेडींचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचं विमान धूसर हवेत अंधाऱ्या समुद्रावर असंच गेलं, तेव्हा तर वादळही नव्हतं.

उडायचं की नाही हा खरा निर्णय जमिनीवरच होतो, म्हणून दोष एकट्या पायलटवर टाकणं मला पटत नाही. 21 जानेवारी 2019 ला फुटबॉलपटू एमिलियानो सालाला घेऊन निघालेलं विमान इंग्लिश खाडीत पडलं, पायलटला रात्री उडवायची परवानगीच नव्हती आणि पैसे घेऊन प्रवासी न्यायचीही नव्हती. ते उड्डाण ठरवणाऱ्या माणसाला 2021 मध्ये कोर्टाने 18 महिने तुरुंगात पाठवलं.