पुढारी नसलेल्या पेशी

जंगलातल्या ओल्या मातीत डिक्टिओस्टेलियम नावाचे अमीबा राहतात. जिवाणू खायचे, दुभागायचं, एकमेकांशी घेणंदेणं काही नाही. अन्न संपलं की मात्र सगळं पालटतं. विखुरलेल्या पेशी एका जागी जमू लागतात. कधी लाखभर पेशी मिळून काही मिलिमीटर लांबीचा सरपटणारा गोळा बनतो आणि शेवटी त्यातून एक बारीक देठ व टोकाशी बीजाणूंचा पुंजका उभा राहतो. देठातल्या पेशी, म्हणजे साधारण पाचातली एक, मरून जातात.

या पेशींना गोळा कोण करतं? काही खास पेशी आधी रासायनिक हाक देतात आणि बाकीच्या तिकडे जातात, असं १९६०च्या दशकात बऱ्याच जीवशास्त्रज्ञांनी धरलं होतं. हाकेचं रसायन १९६७मध्ये ओळखलं गेलं : सायक्लिक एएमपी. पण आधीपासून वेगळ्या असलेल्या पेशी कोणाला दाखवता आल्या नव्हत्या.

इव्हलिन फॉक्स केलर (१९३६–२०२३) मूळच्या भौतिकशास्त्राच्या, हार्वर्डच्या पीएचडी. गणितज्ञ ली सेगेल यांच्यासोबत त्यांनी १९७०मध्ये ‘जर्नल ऑफ थिअरॉटिकल बायॉलॉजी’त वेगळं उत्तर मांडलं. सगळ्या पेशी सारख्याच माना. प्रत्येक पेशी थोडं रसायन सोडते आणि ते जिथे जास्त असेल तिकडे सरकते. यात दोन ओढी एकमेकींविरुद्ध असतात. पेशींची दिशाहीन हालचाल आणि रसायनाचं पसरणं गर्दी मोडत राहतं. रसायनाचं आकर्षण ती वाढवत राहतं. पोट भरलेलं असताना पहिली ओढ जिंकते. उपासमारीत पेशी जास्त रसायन सोडू लागल्या किंवा त्याला जास्त प्रतिसाद देऊ लागल्या, की एका मर्यादेपलीकडे पारडं फिरतं. मग कुठेतरी निव्वळ योगायोगाने चार पेशी जवळ आल्या तरी तिथे रसायन वाढतं, त्यामुळे आणखी पेशी येतात, रसायन आणखी वाढतं. पुढारी लागतच नाही.

गणितज्ञांनी ही समीकरणं उचलून धरली. पेशींच्या स्थलांतराच्या अभ्यासात ती आजही मूलभूत मानली जातात. जीवशास्त्रज्ञ मात्र खास पेशींची कल्पना सोडायला तयार नव्हते. लयीत संकेत सोडणारी केंद्रं प्रत्यक्षात दिसतात, हे खरं. पण केंद्र दिसलं म्हणून तिथली पेशी जन्मजात वेगळी होती असं ठरत नाही.

केलर यांच्या कारकिर्दीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते यापुढचं. आपलं प्रारूप लोकांच्या गळी उतरवत बसण्याऐवजी त्यांनी प्रश्नच बदलला : पुरावा नसताना पुढारी पेशीची कल्पना इतकी का पटते? १९८३मध्ये त्यांनी यावर स्वतंत्र लेख लिहिला. याचं उत्तर काचपात्रात मिळणारं नव्हतं. त्यासाठी शास्त्रज्ञ विचार कसा करतात, कशाला पुरेसं स्पष्टीकरण मानतात, याचा इतिहास तपासावा लागणार होता. त्याच वर्षी मक्याच्या जनुकांवर काम करणाऱ्या बार्बरा मॅक्लिन्टॉक यांचं त्यांनी लिहिलेलं चरित्र आलं आणि काही महिन्यांत मॅक्लिन्टॉक यांना नोबेल मिळालं. मॅक्लिन्टॉक यांच्याकडे खरोखर किती दुर्लक्ष झालं होतं, यावर इतिहासकारांमध्ये पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

नंतर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात असताना केलर यांनी तोच प्रश्न जनुकाला लावला. विसाव्या शतकात जनुक हा पेशीचा हुकूमकर्ता मानला गेला आणि अंड्यातला बाकीचा पेशीद्रव नुसता हुकूम पाळणारा. त्यामुळे गर्भाच्या घडणीत या पेशीद्रवाचा वाटा काय, हे विचारणं लांबणीवर पडलं, असं त्यांचं म्हणणं. जनुकाचं महत्त्व त्यांनी कधी नाकारलं नाही. जनुक कधी जागा होणार, हे पेशीतली प्रथिनं ठरवतात आणि ती प्रथिनं घडवण्याची माहिती जनुकांत असते. या वर्तुळात हुकूम कोणाचा, हे एका ठिकाणी बोट ठेवून सांगता येत नाही. १९७०च्या समीकरणांतही पेशी आणि रसायन असेच एकमेकांना घडवत होते.