बोट लागली, की साथ आली?

जानेवारी २००९. एका क्रूझ जहाजावर प्रवासी चढत होते. सामान, पासपोर्ट, लांबच लांब रांगा. त्या गर्दीत कुणाला तरी सगळ्यांदेखत उलटी झाली. जहाज अजून धक्क्यालाच उभं होतं, त्यामुळे 'बोट लागली' म्हणायलाही जागा नव्हती. पुढच्या दिवसांत जहाजावर उलट्या-जुलाबांची मोठी साथ पसरली. तपास करणाऱ्यांनी प्रवाशांकडून प्रश्नावली भरून घेतली. दीड हजारांवर लोकांनी ती भरली आणि त्यांतले १५ टक्के आजारी पडलेले निघाले. चढतानाची ती उलटी ज्यांनी पाहिली होती, म्हणजे जे तेव्हा आसपास होते, त्यांच्यात आजाराचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतं. शिवाय आजारी पडलेल्यांपैकी बरेच जण जहाजावरच्या डॉक्टरकडे फिरकलेही नव्हते.

हा शेवटचा तपशील मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्याकडे पुढे येऊच.

या साथीमागचा विषाणू म्हणजे नोरोव्हायरस. जहाजावरच्या पोटाच्या साथींमध्ये कारण सापडतं तेव्हा बहुतेक वेळा हाच सापडतो. 'क्रूझचा विषाणू' अशी त्याची ख्याती झाली असली तरी त्याचं नाव समुद्रावरून आलेलं नाही. १९६८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक या गावातल्या एका प्राथमिक शाळेत निम्मी मुलं आणि शिक्षक एकदम आजारी पडले. जिवाणू काही सापडेना. चार वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकी विषाणूतज्ज्ञ अल्बर्ट कपिकियान यांनी तेव्हा जपून ठेवलेल्या नमुन्यांतून आलेला विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गोल, जेमतेम २७ नॅनोमीटरचे कण. गावाचं नाव विषाणूला चिकटलं आणि पुढे त्याचं 'नोरो' झालं.

समुद्रावर मात्र त्याला एक आयतं पांघरूण मिळतं. पोट ढवळलं की माणूस पहिला संशय लाटांवर घेतो, एखादी गोळी घेतो, आणि जरा बरं वाटलं की पुन्हा बुफेच्या रांगेत जाऊन उभा राहतो. खरं तर फरक ओळखता येतो. बोट लागल्याने जुलाब होत नाहीत, अंगात कणकण येत नाही, आणि समुद्र शांत झाला की त्रास ओसरतो. नोरोव्हायरसला लाटांशी देणंघेणं नसतं. शरीरात शिरल्यावर १२ ते ४८ तासांत तो हिसका दाखवतो, आणि एक ते तीन दिवसांत बहुतेकांना सोडतोही. वृद्ध, लहान मुलं आणि आधीच दुबळे असलेले यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं आणि खरा धोका तोच असतो. क्रूझवर वयस्कर प्रवासी पुष्कळ असतात, हे इथे विसरून चालत नाही.

आता आकडे पाहू, कारण या विषाणूची सगळी करामत आकड्यांत आहे. आजारी माणसाच्या एक ग्रॅम मळात अब्जावधी कण असू शकतात. दुसऱ्या माणसाला आजारी पाडायला किती लागतात? एका प्रसिद्ध अंदाजानुसार १८ कणही पुरतात. हे गणित डोक्यात ठेवून जिन्याच्या कठड्याकडे पाहावं. स्वच्छ दिसणारा कठडा आणि स्वच्छ असलेला कठडा यांतलं अंतर डोळ्यांनी मोजता येत नाही.

दुसरी करामत त्याच्या बांधणीत आहे. फ्लू किंवा कोविडच्या विषाणूभोवती मेदाचं आवरण असतं. अल्कोहोल ते आवरण विस्कटतं आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसला हे आवरण नाहीच. त्याच्यावर प्रथिनांचं घट्ट कवच असतं, आणि सॅनिटायझरच्या दोन थेंबांना ते फारशी दाद देत नाही. भोजनगृहाच्या दाराशी हसतमुखाने सॅनिटायझर फवारणारा कर्मचारी दिसला की आपल्याला सुरक्षित वाटतं. फ्लूपुरतं ते ठीकच आहे. नोरोव्हायरससाठी बेसिनकडेच जावं लागतं. तिथेही साबणाने तो मरतो असं नाही. हात चोळून वाहत्या पाण्याखाली धरले की तो सुटतो आणि वाहून जातो. सगळी मदार चोळण्यावर आहे. घट्ट कवचामुळे तो पृष्ठभागांवरही बरेच दिवस टिकतो, म्हणून साफसफाईला नेहमीच्या फडक्या-फिनेलऐवजी क्लोरीनचं चांगलं तीव्र द्रावण लागतं.

आणि उलटी? ती फक्त जमिनीवर पडत नाही. डिसेंबर १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या एका हॉटेलात १२६ जण सहा टेबलांवर जेवायला बसले होते. जेवता जेवता एका बाईंना उलटी झाली. ती लगेच पुसून काढली, जेवण पुढे चालू राहिलं. नंतरच्या दोन-तीन दिवसांत कोण आजारी पडलं याचा नकाशा मांडला, तेव्हा चित्र विलक्षण निघालं. त्या बाईंच्या टेबलावरचे ९० टक्क्यांहून अधिक लोक आजारी, शेजारच्या टेबलावर ७० टक्क्यांच्या आसपास, आणि जसजसं लांब जावं तसतसं प्रमाण उतरत उतरत सगळ्यांत दूरच्या टेबलावर २५ टक्क्यांवर. अन्न सगळ्यांनी तेच खाल्लं होतं. फरक होता तो अंतराचा. उलटीबरोबर उडालेले सूक्ष्म थेंब हवेतून पसरले, लोकांच्या नाकातोंडात गेले आणि तिथून गिळले गेले. दूरच्या टेबलावरही चारातला एक, हे वाचून मला चैन पडलं नव्हतं.

जहाजावर हीच गोष्ट घडते, फक्त जेवण संपल्यावर माणसं आपापल्या घरी जात नाहीत. तीच भोजनगृहं, तेच जिने, लिफ्टची तीच बटणं, बुफेतल्या डावाचा तोच दांडा, आठवडाभर. अमेरिकेतल्या संशोधकांनी तीन वर्षं ५६ जहाजांवरची सार्वजनिक स्वच्छतागृहं गुपचूप तपासली. फ्लशचा दांडा, दाराची मूठ, आधाराचा कठडा अशा जागांवर त्यांनी डोळ्यांना न दिसणारी, पण विशिष्ट प्रकाशात चमकणारी खूण लावून ठेवली, आणि नंतर येऊन ती पुसली गेली आहे का ते पाहिलं. दररोज पुसल्या जाणाऱ्या जागा निघाल्या फक्त ३७ टक्के. जहाजाजहाजांत फरकही प्रचंड होता. वरवर सगळी स्वच्छतागृहं चकचकीतच होती.

शिवाय जहाज कधी रिकामं राहत नाही. सकाळी हजारो प्रवासी उतरतात, संध्याकाळपर्यंत तितकेच नवे चढतात. मधल्या काही तासांत चादरी बदलायच्या, केबिन पुसायच्या, स्वयंपाकघर पुन्हा भरायचं. प्रवासी बदलले तरी कर्मचारी तेच राहतात. ते कित्येक महिने जहाजावरच असतात आणि बहुधा एका केबिनमध्ये एकाहून अधिक जण राहतात. एकाच जहाजावर लागोपाठच्या सफरींत तोच विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, यात नवल नाही.

एवढं वाचून क्रूझ म्हणजे तरंगता दवाखाना वाटू लागेल. म्हणून उलट बाजूचे आकडे. २००८ ते २०१४ या सात वर्षांत अमेरिकी यंत्रणेच्या देखरेखीखालच्या जहाजांवरून सुमारे ७ कोटी ३६ लाख प्रवासी फिरले. त्यांपैकी पोटाच्या संसर्गाची नोंद झाली ०.१८ टक्क्यांची. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या एकूण साथींमध्ये जहाजांचा वाटा साधारण एक टक्का आहे. बाकीच्या साथी वृद्धाश्रम, रुग्णालयं, शाळा आणि उपाहारगृहं यांच्यात. मग बातम्या जहाजांच्याच का? कारण जहाजावर मोजणी सक्तीची आहे. १९७०च्या दशकापासून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा जहाज-स्वच्छता कार्यक्रम चालतो. परदेशी बंदरातून अमेरिकेत येणाऱ्या, १३ किंवा त्याहून जास्त प्रवासी नेणाऱ्या जहाजाला प्रत्येक आजाऱ्याची नोंद ठेवावी लागते. २४ तासांत तीन वा अधिक वेळा पातळ शौच, किंवा उलटीबरोबर आणखी एखादं लक्षण, अशी व्याख्याही ठरलेली आहे. प्रवासी किंवा कर्मचारी यांच्यापैकी कुणाच्याही आजाराचं प्रमाण ३ टक्के किंवा त्याहून जास्त झालं की साथ म्हणून ती जाहीर होते. सूचना न देता तपासणी होते आणि शंभरात ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर जहाज नापास. एखाद्या हॉटेलातल्या पाहुण्यांच्या पोटाचा असा हिशोब कुणी ठेवतं का? ठेवला तर क्रूझ कंपन्यांना बरंच बरं वाटेल असा माझा अंदाज आहे.

पण ०.१८ हा आकडाही नोंदींचा आहे, आणि नोंद होते ती डॉक्टरकडे गेलेल्याची. इथे तो सुरुवातीचा तपशील परत येतो. जहाजावर सांगितलं की केबिनमध्ये बंद व्हावं लागतं. लक्षणं थांबल्यावर निदान २४ तास. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी ही मुदत ४८ तासांची आहे. आठवड्याच्या सुट्टीतले दोन-तीन दिवस चार भिंतींत घालवायला कोण उत्सुक असेल? म्हणून माणसं गप्प बसतात. मला त्यांचा राग येत नाही, पण त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचीही इच्छा नाही.

सगळे सारखेच बळी पडतात असंही नाही. आतड्याच्या पेशींना चिकटायला नोरोव्हायरस रक्तगटाशी नातं असलेल्या काही शर्करा-रेणूंचा आधार घेतो. एफयूटी-२ या जनुकात ठराविक बदल असलेल्या माणसांच्या आतड्यात हे रेणू नसतात. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे पाचातला एक असा असतो, आणि विषाणूच्या अनेक प्रकारांना त्याच्यापाशी थारा मिळत नाही. पण हे सगळ्या प्रकारांना लागू नाही. शिवाय जीआयआय-४ नावाचं जे घराणं कित्येक वर्षं जगभर वरचढ ठरलं, ते दर काही वर्षांनी रूप पालटतं. २००२ मध्ये त्याचा नवा अवतार आला आणि त्या वर्षी जहाजांवरच्या साथीही एकदम वाढल्या. एकदा होऊन गेला म्हणून पुढच्या सफरीला निर्धास्त, असा हिशोब इथे चालत नाही.

जहाजावरचे सगळे आजार पोटाचेच असतात असंही नाही. १९९७ च्या उन्हाळ्याच्या शेवटी न्यूयॉर्क आणि माँट्रियलच्या दरम्यान फिरणाऱ्या जहाजावर फ्लूची साथ आली. उत्तर गोलार्धात तो फ्लूचा हंगामच नव्हे. बहुधा ऑस्ट्रेलियाहून आलेल्या पर्यटकांबरोबर तो आला असावा, कारण तिकडे तेव्हा हिवाळा सरत होता. जहाजावर दोन्ही गोलार्ध एकाच टेबलावर जेवतात, त्यामुळे आपल्याकडचा हंगाम पाहून लस घ्यायची की नाही ते ठरवणं फसवं ठरतं.

१९९४ मध्ये 'होरायझन' जहाजावर न्यूमोनियाची साथ तर नऊ सफरी चालली. कारण होतं गरम पाण्याचे बुडबुडे येणारे टब, आणि त्यांच्या वाळूच्या गाळणीत वाढलेला लिजिओनेला जिवाणू. टबात न उतरता नुसते आसपास बसलेलेही आजारी पडले, कारण फुटणाऱ्या बुडबुड्यांमधून जिवाणू हवेत जात होता. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर तो या लेखात बसत नाही. पण टबाकाठी लोळायला जाणाऱ्याला या वर्गीकरणाचा उपयोग काय?

आणि अर्थात 'डायमंड प्रिन्सेस'. जानेवारी २०२० मध्ये हाँगकाँगला उतरलेल्या एका प्रवाशाला कोविड असल्याचं कळलं, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला जहाज योकोहामाला अडवलं गेलं. ३,७११ माणसांपैकी ७१२ बाधित निघाले. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना चाचणीच्या वेळी एकही लक्षण नव्हतं. नोरोव्हायरसचा रुग्ण निदान लपवायचं की नाही हे ठरवू शकतो. इथे लपवण्यासारखं काही आहे हेच माणसाला ठाऊक नव्हतं. प्रवासी केबिनमध्ये बंद होते, पण त्यांना जेवण पोचवणारे कर्मचारी काम करत होते आणि एकत्र राहत होते. कर्मचाऱ्यांतले सुरुवातीचे बहुतेक रुग्ण जेवण विभागातलेच होते. जहाज अडवून ठेवण्याची पद्धत फार जुनी आहे. १३७७ साली आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोवनिक शहराने साथीच्या भागातून येणाऱ्यांना ३० दिवस शहराबाहेर ठेवायचा नियम केला, पुढे ३० चे ४० झाले. त्या नियमाने वाचवायचं होतं ते शहराला. आतल्या माणसांचं काय, हा प्रश्न मूळ कल्पनेत नव्हताच.

प्रवासी उतरल्यानंतर १७ दिवसांनीही त्या जहाजाच्या केबिनमध्ये विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, सापडला, तेव्हा जगभर घबराट झाली होती. पण आरएनए सापडणं म्हणजे जिवंत, संसर्गक्षम विषाणू सापडणं नव्हे.

राहता राहिली सफरीला निघणाऱ्याची तयारी. फ्लू, कोविड आणि गोवरच्या लशी वेळेवर घेतलेल्या असाव्यात. जेवणाआधी हात साबणाने धुवावेत, आणि बुफेतला डाव हातात धरल्यानंतर तोंडाकडे बोट नेण्याआधी पुन्हा एकदा. कुणाला उलटी झालेली दिसली तर मदतनीसाला कळवून तिथून लांब जावं. स्वतःला झाली तर क्षार-साखरेचं पाणी थोडं थोडं घेत राहावं आणि डॉक्टरला सांगावं. उतरल्यावरही विषाणू लगेच पिच्छा सोडत नाही. बरं वाटू लागल्यानंतर दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ तो मळातून बाहेर पडत राहतो. त्यामुळे सफरीचे फोटो पाहायला मंडळी घरी जमणार असतील, तर लक्षणं थांबल्यापासूनचे पहिले दोन दिवस तरी स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करावा.