फी शून्य, पण भाव किती?

आमच्या वणी तालुक्यात दिवाळीच्या आगेमागे कापसाचे खेडा खरेदीवाले, म्हणजे गावात येऊन कापूस घेणारे व्यापारी, दारात येतात. गाडी करायची नाही, जिनिंगपुढे रांगेत रात्र काढायची नाही, काटा अंगणातच लागतो. भाव मात्र बाजारापेक्षा कमी. कास्तकाराला हे ठाऊक असतं. घरात नड असली की तो समजून-उमजून कापूस देतो. त्याच कास्तकाराचा मुलगा शारजातून पैसे पाठवताना मात्र ‘फी शून्य’ वाचतो आणि भाव विचारत नाही. दोन वर्षं मीही असाच पाठवत होतो. म्हणून हे लिहितोय.

फी म्हणजे पैसे पाठवायची मजुरी. ती पावतीवर छापलेली असते आणि बरेचदा रक्कम लहान असो की मोठी, तेवढीच राहते. भाव म्हणजे एका दिरहमचे, म्हणजे शारजातल्या चलनाचे, किती रुपये. गूगलवर दिसतो तो बाजारातला मधला दर. आपल्याला सहसा त्याहून कमी मिळतो. मधला फरक पैसे पाठवणारी कंपनी ठेवून घेते, आणि पावतीवर तो ‘कपात’ म्हणून कुठंच येत नाही. फी एकदाच जाते. भावातला फरक प्रत्येक दिरहममागे जातो.

हिशोब करून पाहू. समजा मधला दर 23 रुपये आहे. एक कंपनी फी घेत नाही, भाव 22.60 देते. दुसरी 20 दिरहम फी कापते, भाव 22.95 देते. 1,000 दिरहम पाठवले तर पहिलीकडून घरी 22,600 रुपये पोचतात, दुसरीकडून 22,491. इथं फी शून्यवालीच बरी. पण 3,000 पाठवले की पहिलीचे 67,800 आणि दुसरीचे 68,391. आता दुसरी 591 रुपयांनी पुढे. या आकड्यांत पारडं फिरतं ते साधारण 1,311 दिरहमला. म्हणून ‘स्वस्त कोण’ हे रक्कम सांगितल्याशिवाय ठरत नाही. जो मित्र दर महिन्याला थोडे पाठवतो त्याचा सल्ला, तीन महिन्यांचे एकदम पाठवणाऱ्याला लागू पडेलच असं नाही.

मी आता बियाण्याचे आणि खताचे पैसे मे महिन्यात एकदम पाठवतो. जूनमध्ये पाऊस पडल्यावर घाई होते, आणि घाईत भाव बघितला जात नाही. निंदणाच्या मजुरीचं तसं जमत नाही. ती आठवड्याची आठवड्याला द्यावी लागते. त्याला लहान रकमेची, बिनफीची वाट ठीक.

बँकेतून स्विफ्टने, म्हणजे देशोदेशीच्या बँकांना जोडणाऱ्या यंत्रणेतून, पाठवलं तर आणखी एक कात्री असते. वाटेतली मधली बँक स्वतःचं शुल्क कापू शकते, आणि पैसे डॉलरमध्ये आले तर रुपये करताना इथली बँक स्वतःचा भाव लावते. एक्स्चेंज हाऊसकडून, म्हणजे चलन बदलून पाठवणाऱ्या कंपनीकडून, बहुधा रुपयेच येतात, एनईएफटीने किंवा आयएमपीएसने. त्याला खाते क्रमांक आणि गावातल्या शाखेचा आयएफएससी कोड पुरतो. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालते, त्यामुळे रविवारमुळे अडायचं कारण नाही.

कुणी हवाल्याने, म्हणजे बँकेबाहेरच्या चोरवाटेने, मधल्या दरापेक्षाही चढा भाव देतो म्हणालं तर त्या वाटेला जाऊ नका. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने ती बेकायदेशीर आहे, आणि पैसे बुडाले तर तक्रार करायलाही जागा उरत नाही.

‘पहिल्या वेळी खास भाव’ असतो तोही बघून घ्या. दुसऱ्या वेळी भाव पुन्हा विचारा. मी काउंटरवर आता एकच विचारतो: “एवढे दिरहम माझ्या खिशातून गेले, तर बाबांच्या खात्यात नेमके किती रुपये पडतील?” दोन-तीन ठिकाणी, एकाच दिवशी, थोड्या वेळाच्या अंतराने. भाव दिवसातही हलतो, म्हणून कालचा आकडा आजच्याशी ताडू नये. संध्याकाळी बाबा फोनवर बँकेचा मेसेज वाचून दाखवतात आणि आम्ही तो आकडा वहीत मांडतो, कापसाच्या चुकाऱ्याच्या (विक्रीच्या पैशांच्या) हिशोबाशेजारीच.