स्कोअरचे आकडे बिघडलेत? काच मागवण्याआधी हे वाचा

(1977 ते 1985 मधल्या बॅली कंपनीच्या पिनबॉल मशीनसाठी)

‘डिस्प्ले गेलाय, नवीन काच केवढ्याला पडेल?’ फोनवर पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. आमचं उत्तरही ठरलेलं: काच खरंच गेलीय का, ते आधी बघू. डिस्प्ले म्हणजे वायू भरलेली काच, तिच्यात केशरी आकडे पेटतात. अशा काचा आता कोणी बनवत नाही. जुन्या साठ्यातल्या किंवा मोडीत निघालेल्या मशीनमधल्या तेवढ्या मिळतात आणि त्या स्वस्त नसतात. त्यातल्या त्यात ‘एट बॉल’वाल्यांचं नशीब बरं. 1977 च्या त्या मशीनचे वीस हजारांवर नग खपले होते, त्यामुळे सहा आकडी डिस्प्ले बोर्ड अजून हाती लागतात.

आधी धोक्याचं सांगतो. काचेतला निऑन वायू पेटवायला सुमारे 190 व्होल्ट डीसी लागतात. मशीन बंद केलं तरी कपॅसिटरमध्ये हा दाब काही वेळ राहतो. प्लग भिंतीतून काढा, थोडं थांबा, मगच हेडबॉक्स (स्कोअर दिसतो तो वरचा खोका) उघडा. मीटर नसेल तर बोर्डाच्या मागच्या बाजूला बोट लावू नका. आणि मशीन चालू असताना डिस्प्लेचा कनेक्टर काढू-घालू नका, एकदाही नाही.

आता घरी करता येण्यासारखी परीक्षा. कॉइन डोअरच्या (नाणं टाकायच्या दाराच्या) आत छोटं टेस्ट बटण असतं. एकदा दाबलं की दिवे लुकलुकतात, दुसऱ्यांदा दाबलं की सगळ्या डिस्प्लेवर 0 ते 9 आकडे फिरू लागतात. खोलीतला दिवा मालवा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. नुसत्या डोळ्यांनी निसटतं ते त्यात सापडतं.

मग अदलाबदल. मशीन बंद, प्लग बाहेर. बिघडलेला डिस्प्ले, समजा पहिल्या खेळाडूचा, काढून तिसऱ्याच्या जागी लावा आणि तिसऱ्याचा पहिल्याच्या. सहा आकडी मशीनमध्ये हे बोर्ड सारखेच असतात. सात आकडी मशीनमध्ये खेळाडूंचे चार सारखे, क्रेडिटचा (किती खेळ उरले ते दाखवणारा) मात्र वेगळा. त्याला यात ओढू नका. पुन्हा चालू करा. दोष बोर्डाबरोबर सरकला तर बोर्डात किंवा काचेत आहे. जागेवरच राहिला तर बोर्ड निर्दोष. दुखणं कनेक्टरमध्ये, वायरमध्ये किंवा मुख्य बोर्डात.

एकाच डिस्प्लेवर एकच आकडा गेला असेल तर त्या बोर्डावरचा एखादा ट्रान्झिस्टर किंवा रेझिस्टर बघावा लागतो. काम किरकोळ आहे. तोच आकडा, समजा डावीकडून तिसरा, सगळ्याच डिस्प्लेवर गायब असेल तर पाच काचा एकदम कशा जातील? त्या आकड्याचा हुकूम मुख्य बोर्डाकडूनच येत नाही. सगळंच काळं असेल तर मुख्य बोर्डावरचा छोटा लाल दिवा बघा. मशीन सुरू होताना तो 7 वेळा लुकलुकायला हवा. कमी लुकलुकला तर मशीन उठलेलंच नाही, डिस्प्लेला बोल लावू नका. सातही पूर्ण होऊन आकडे नसतील तर सोलेनॉइड ड्रायव्हर बोर्डावरचा (डिस्प्लेचा मोठा दाब तिथूनच येतो) 3/16 अँपिअरचा स्लो-ब्लो, म्हणजे सावकाश उडणारा, फ्यूज तपासा. तो मिळाला नाही म्हणून तार गुंडाळू नका. अशी तार आम्ही काढली आहे, आणि तिच्या मागची जळालेली पट्टीही.

एक आकडा भगभगीत पेटलाय आणि बाकीचे विझलेत, असं दिसलं तर लगेच मशीन बंद करा. आकडे खरं तर एकामागून एक पेटत असतात, वेगामुळे एकदम दिसतात. ती फेरी थांबली की सगळा मार एकाच आकड्यावर बसतो आणि चांगली काच हकनाक जळते.

आमच्या आवडीचा बिघाड वेगळाच आहे. कोकणातल्या एका रिसॉर्टवाल्यांनी कळवलं, ‘मशीन गुण जास्त देतंय.’ जाऊन बघितलं तर दुसऱ्या खेळाडूच्या स्कोअरच्या शेवटी 1. या मशीनचे गुण दहाच्या पटीत, शेवटी शून्यच यायला हवं. टेस्ट लावली: 0 च्या जागी 1, 2 च्या जागी 3, 4 च्या जागी 5, विषम आकडे मात्र बरोबर. आकडा 1, 2, 4 आणि 8 अशा चार तारांवरून, त्यांच्या बेरजेने येतो. त्यातली 1 ची तार कायम ‘चालू’ राहिली की सम आकडा विषम होतो. अदलाबदल केली, दोष जागेवरच. कनेक्टरची एक पिन हिरवी पडली होती. पिन बदलली, हिशेब जुळला. काच मागवली असती तर पैसे पाण्यात गेले असते.

हिरव्या पिनांचं मूळ बहुधा दोनांतलं एक. मिरग लागला की बंद खोलीतल्या मशीनमध्ये ओल शिरते, हे एक. दुसरं त्याहून वाईट: मुख्य बोर्डावर डकवलेली 3.6 व्होल्टची जुनी बॅटरी पाझरते आणि तांबं खाते. ती अजून तिथे असेल तर काढून टाकायला सांगा. मशीन तिच्याशिवाय चालतं, फक्त हाय स्कोअर आणि सेटिंग विसरतं.

मशीन तापल्यावर आकडे परत येत असतील, किंवा हेडबॉक्सला थाप मारल्यावर, तर पिनेच्या बुडाशी सोल्डरला चीर गेलीय. भिंगातून पिनेभोवती बारीक काळं कडं दिसतं. ते पुन्हा सोल्डर केलं की झालं. थाप मारत राहू नका.

काच खरंच म्हातारी झाली की आकडे फिके पडतात, लुकलुकतात, आतून काळपट दिसतात. त्यावर दुरुस्ती नाही. दाब 190 वरून 170 च्या आसपास उतरवून दिला तर उरलेल्या काचा जास्त टिकतात; हे आम्ही प्रत्येक मशीनवर करतोच. नाहीतर एलईडीचे डिस्प्ले. त्यांना मोठा दाब लागत नाही, दमट हवेत बरे. रंग मात्र तो नव्हे, हे आधीच सांगतो. आमच्या स्वतःच्या मशीनवर अजून काचाच आहेत.

अमेरिकेतून आलेलं मशीन असेल तर प्लग लावण्याआधी ट्रान्सफॉर्मर 115 व्होल्टवर जोडलाय की 230 वर, ते बघून घ्या. दुसऱ्या कंपन्यांचं वेगळं: विल्यम्सचे डिस्प्ले अधिक आणि उणे 100 व्होल्टवर चालतात, गॉटलिबच्या निळसर-हिरव्या आकड्यांची जातच निराळी. त्यांना वरचे मोजमाप लावू नका, आम्हाला विचारा.

बोर्ड आमच्याकडे पाठवताना टेस्टचा व्हिडिओ आणि अदलाबदलीत काय दिसलं ते दोन ओळींत लिहून पाठवा. काचेला एक बारीक टोक असतं, वायू भरून तिथेच ती बंद केलेली असते. ते मोडलं की संपलं. त्या टोकावर दाब येणार नाही असा फोम लावा, आणि खोक्यात बोर्ड हलत नाही ना, ते हलवून बघा.