इंजिन-बदल (जुन्या लहान मोटारींतील)

जुन्या मोटारीचे मूळ इंजिन उतरवून तिथे नंतरच्या काळातील, निराळ्या घडणीचे इंजिन बसवणे. सातारा-सांगलीकडच्या गॅरेजांत याला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. सिलिंडर रुंद कातून (रिबोअर करून) ओव्हरसाइज म्हणजे मोठ्या मापाचे पिस्टन टाकणे किंवा हाफ इंजिन म्हणजे हेडखेरीजचा खालचा भाग बदलणे हे इंजिनकाम झाले. त्याचा समावेश यात होत नाही. प्रस्तुत नोंद मुख्यतः प्रीमियर पद्मिनीपुरती, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘फियाट’पुरती आहे.

या भागात ही प्रथा कशी रुजली, याची दोन कारणे पुढे येतात. पहिले कारण कारखानदारीच्या परंपरेचे. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा, तर साताऱ्यातील धनजीशा कूपर यांचा उद्योग १९२२ च्या सुमाराचा. भारतातील आरंभीच्या डिझेल इंजिनांत कूपर इंजिनाची गणना होते. विहिरीवरची इंजिने उघडणारे फिटर आणि त्यांना सुटे भाग कातून देणारे लेथवाले यामुळे इथे तयार झाले. प्रीमियर ऑटोमोबाइल्स (१९४४) स्थापणाऱ्या वालचंद हिराचंद यांचे नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही आहे. पण हा दुवा नावापुरताच, कन्व्हर्जनशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही. दुसरे कारण पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांतील जुन्या तफावतीचे. प्रथम जीपगाड्या व टॅक्सी आणि नंतर खासगी मोटारी डिझेलवर गेल्या, हा क्रम पाहता दुसरे कारण अधिक सयुक्तिक वाटते. हातात कसब होतेच, गरज दराने निर्माण केली. हा प्रकार बहुधा १९८० च्या दशकात वाढला असावा.

मूळ इंजिनाबद्दल लिखाणात बराच गोंधळ आढळतो. इटलीतील फियाट ११०० डी मोटारीचे इंजिन १,२२१ घ. सेंमी.चे (बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७२, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७५ मिमी.) होते. तिच्यावर बेतलेल्या भारतीय मोटारीचे इंजिन मात्र १,०८९ घ. सेंमी.चे (बोअर ६८, स्ट्रोक ७५ मिमी.) राहिले. त्यामुळे ‘११०० डी’ची परदेशी माहिती पद्मिनीला लावून काढलेली मापे चुकतात. हे इंजिन चार सिलिंडरांचे, तीन मेन बेअरिंगांचे (क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा ज्यांवर टेकतो ती) आणि सुमारे ४० अश्वशक्तीचे. ‘पद्मिनी’ हे नाव काही ठिकाणी १९७३ पासून, तर काही ठिकाणी १९७४ पासूनचे मानले आहे. १९७४ हे साल अधिक ग्राह्य दिसते.

इंजिन निवडताना अश्वशक्तीआधी मांडणी पाहावी. पद्मिनीत इंजिन पुढे उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसते आणि प्रोपेलर शाफ्टमधून (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या फिरत्या दांड्यातून) मागची चाके फिरतात. मारुती ८०० चे ७९६ घ. सेंमी.चे इंजिन स्वस्त आणि सहज मिळणारे; पण ते आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते, म्हणून गिअरबॉक्ससह जसेच्या तसे चालत नाही. त्याच जातीचे ओम्नीचे इंजिन मागची चाके फिरवते, त्यामुळे तेवढी अडचण सुटते. मात्र तीन सिलिंडरांचे हे इंजिन जोर धरते ते वरच्या फेऱ्यांवर. चार माणसे घेऊन पसरणीचा घाट चढताना खालच्या गिअरवर फार वेळ राहावे लागते.

सर्वांत निर्धोक निवड खुद्द उत्पादकानेच दाखवून दिली आहे. १९८५ च्या प्रीमियर ११८ एनई या मोटारीत निसानचे ए-१२ इंजिन होते : १,१७१ घ. सेंमी., पाच मेन बेअरिंगे, सुमारे ५२ अश्वशक्ती. पद्मिनीच्या अखेरच्या एस-१ प्रकारात निसानचाच, गिअरचा दांडा खाली जमिनीवर असलेला गिअरबॉक्स आला. ही जोडी मिळाल्यास इतरत्र शोधू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. डिझेलवरच्या पद्मिनीत (१३७ डी) १,३६६ घ. सेंमी.चे इंजिन होते. त्याच्या वजनाचा भार पुढच्या सस्पेन्शनवर येतो.

कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारे, म्हणजे इंजेक्शनचे इंजिन हवे असल्यास ईको (२०१०) मोटारीच्या १,१९६ घ. सेंमी.च्या इंजिनाचा विचार होतो. त्याचा मोठा लाभ घाटात दिसतो. खंबाटकी किंवा कुंभार्ली चढताना मूळ इंजिनावरचा पेट्रोल पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. मग पंपावर ओले फडके टाकून थांबावे लागते. इंजेक्शनमध्ये विजेचा पंप टाकीतूनच दाबाने पेट्रोल ढकलतो, त्यामुळे हा त्रास जवळजवळ जातो. मात्र जुन्या टाकीतला गंज फिल्टरात अडकतो. टाकी आतून साफ केल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये.

बसवण्याची खरी परीक्षा बेल हाउसिंगपाशी, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या क्लचवरच्या आवरणापाशी असते. जुना गिअरबॉक्स ठेवायचा तर मध्ये दोहोंची भोके जुळवणारी ॲडॅप्टर प्लेट येते. आधी पुठ्ठ्यावर ग्रीसच्या बोटाने भोकांचा ठसा घेतात, तो लोखंडी पत्र्यावर उतरवतात आणि मग लेथवर जाड प्लेट कातून घेतात. भोके जुळली म्हणजे केंद्र जुळले असे नव्हे. फ्लायव्हीलवर (क्रँकच्या टोकावरील जड चाकावर) डायल गेज म्हणजे सूक्ष्म फरक दाखवणारे काट्याचे माप बांधून क्रँक हाताने फिरवावा आणि हाउसिंगच्या कडेवर काटा किती हलतो ते पाहावे. दशांश मिलिमीटरांत फरक राहिला तरी क्लच प्लेटचे दाते झिजतात आणि गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग घरघरू लागते. ऑइल चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) खालच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे गाडीच्या आडव्या आधारपट्टीला, अडला तर चेंबर कापून जोडावा. क्रॉसमेंबरला हात लावू नये. मूळ ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत. ताकद वाढवताना त्यांचे काम आधी करावे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. इंजिन बदलायचे तर नोंदणी प्राधिकाऱ्याची, म्हणजे सांगली (एमएच-१०), सातारा (एमएच-११) किंवा कराड (एमएच-५०) येथील परिवहन कार्यालयाची, मंजुरी आधी घ्यावी. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हीए’ मालिकेतील व्हिंटेज नोंदणी मिळते. मात्र वाहन मूळ स्वरूपात असावे लागते आणि इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. पद्मिनीच्या आरंभीच्या गाड्या आता या वयात आल्या आहेत. मूळ रूप परत आणता यावे म्हणून उतरवलेले इंजिन भंगारात देऊ नये. सिलिंडरांत तेल सोडावे, मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या नळ्यांच्या) तोंडांना बोळे लावावेत, कोरलेला नंबर घासू न देता त्यावर ग्रीस चोपडावे आणि इंजिन फळीवर उभे ठेवावे.